भरमार आणि परवाना

बंदूक हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की तो बाहेरून आला आहे हे लक्षातही येत नाही. अरबीत ‘बुंदुक’ म्हणजे टणक कवचाचं एक लहान गोल फळ. त्या आकाराच्या गोळीला तेच नाव पडलं आणि पुढे गोळी फेकणाऱ्या हत्यारालाही. ‘दारू’ फारसीतून आली. तिथे दारू म्हणजे औषध. ‘परवाना’ हा शब्दही फारसीच. उर्दू शायरीत परवाना म्हणजे दिव्यावर झेपावणारा पतंग, आणि कचेरीत परवाना म्हणजे सरकारी हुकमाचा कागद. चिमूर तालुक्यातल्या शेतकऱ्याला मात्र या तिन्ही शब्दांचा मिळून एकच अर्थ ठाऊक होता. धान निसवायला लागलं की रात्री वावरात जागल करायची, तर हातात बंदूक हवी, नळीत दारू हवी आणि पेटीत परवाना हवा. मी कवी माणूस. शब्दांच्या मागे लागलो आणि या परवान्याच्या इतिहासात शिरलो. तो इतिहास आज तुम्हाला सांगायचा आहे.

ज्या बंदुकीबद्दल मी बोलणार आहे, तिला पुस्तकात ठासणीची बंदूक म्हणतात. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे तिचं नाव भरमार. नळीच्या तोंडातून आधी दारू घालायची, वर चिंधीचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा. लोखंडी गजाने ते सगळं ठासायचं. घोड्याखाली टोपी बसवायची आणि चाप ओढायचा. एक बार निघाला की पुन्हा पहिल्यापासून सगळं. पावसात दारू ओलावली तर तेही नाही. आजच्या काळात या हत्याराने कुणी लढाई जिंकणार नाही. तरीही गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत प्रत्येक सरकारने या साध्या नळीचा विचार केला, तिच्यासाठी कलमं लिहिली आणि ती बदलली. असं का झालं?

सुरुवात १८५७ पासून करावी लागते. नागपूरचं भोसल्यांचं राज्य १८५४ मध्ये इंग्रजांनी खालसा केलं आणि चांदा जिल्हा त्यांच्या ताब्यात आला. चार वर्षांतच इथल्या जंगलात बंड उभं राहिलं. मोलमपल्लीचे बाबूराव शेडमाके यांनी गोंड आणि इतर तरुणांची फौज उभारली. अडपल्ली-घोटचे व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. १८५८ च्या मार्चपासून नांदगाव-घोसरी आणि पुढच्या लढायांत या फौजेने कंपनी सरकारला चांगलंच हैराण केलं. अखेर बाबूराव पकडले गेले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली. चंद्रपूरच्या तुरुंगातलं ते पिंपळाचं झाड आजही लोक हात जोडून पाहतात.

उठाव मोडल्यावर देशभर एकच विचार सुरू झाला: रयतेच्या हातातलं हत्यार काढून घ्यायचं. १८६० मध्ये एक कायदा झाला. त्याहून पक्का कायदा लॉर्ड लिटनच्या काळात, १८७८ मध्ये आला. देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा. म्हणजे जीभ आणि हात एकाच वर्षी बांधले गेले. वर्तमानपत्रांचा कायदा काही वर्षांत, रिपनच्या कारकिर्दीत, मागे घेतला गेला. हत्यारांचा कायदा मात्र ८४ वर्षं टिकला.

या १८७८ च्या कायद्यातली खरी मेख परवान्यात नव्हती, सवलतीत होती. युरोपियन माणसाला परवाना लागत नसे; हिंदी माणसाला लागत असे. कोडगूतल्या कोडव लोकांना सूट मिळाली, कारण १८५७ च्या धामधुमीत ते इंग्रजांशी एकनिष्ठ राहिले होते. ती सूट स्वतंत्र भारतानेही चालू ठेवली आणि २०१९ मध्ये ती २०२९ पर्यंत वाढवली. चांद्याच्या गोंडांना मात्र अशी सूट कुणी दिली नाही. त्यांनी बंड केलं होतं ना! दोघेही जंगलात राहणारे, दोघांच्याही पिकांत डुकरं शिरणारी. पण एकाची बंदूक घराण्याची इभ्रत ठरली आणि दुसऱ्याची गुन्हा. कायदा हत्याराबद्दल बोलत होता, पण त्याची नजर माणसावर होती.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. याच सरकारला वाघ मारणाऱ्याला बक्षीस द्यायचं होतं, नवी जमीन लागवडीखाली आणायची होती आणि तिच्यावर सारा वसूल करायचा होता. पीक रानडुकरांनी खाल्लं तर सारा कुठून येणार? म्हणून पिकाच्या राखणीसाठी वेगळा परवाना देण्याची सोय इंग्रजांनी ठेवली. भरमारीला कायद्यात जागा मिळाली ती अशी, सरकारच्या वसुलीच्या गरजेतून.

राष्ट्रीय चळवळीत हा विषय किती मोठा होता, हे आज आपण विसरलो आहोत. १८८७ साली मद्रासला काँग्रेसचं तिसरं अधिवेशन भरलं. अध्यक्ष होते मुंबईचे बद्रुद्दीन तय्यबजी. हत्यारांच्या कायद्यात बदल करावा, असा ठराव त्या अधिवेशनात झाला. अहिंसेचा पुजारी म्हणून ज्यांना जग ओळखतं, त्या गांधीजींनीही १९१८ मध्ये खेड्यात सैन्यभरतीसाठी फिरताना या कायद्यावर कडक टीका केली होती. संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करणं हे त्यांना इंग्रजी राजवटीचं अत्यंत काळं कृत्य वाटत होतं. १९२० च्या नियमांनी गोऱ्या-काळ्याचा उघड भेद काढला, पण परवाना देणं न देणं साहेबाच्या मर्जीवरच राहिलं. पुढे जानेवारी १९३० मध्ये गांधीजींनी व्हाइसरॉयपुढे अकरा मागण्या ठेवल्या. त्यातली मिठावरच्या कराची मागणी शाळेतल्या मुलालाही पाठ असते. पण स्वसंरक्षणासाठी लोकांना बंदुकीचे परवाने मिळावेत, ही मागणीही त्याच यादीत होती. १९३१ च्या कराची काँग्रेसने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या ठरावात घातला.

आता चिमूरकडे येऊ. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. ‘छोडो भारत’चं वारं आणि तुकडोजी महाराजांच्या भजनांनी पेटलेली माणसं. मिरवणुकीवर पोलिसांनी गोळी चालवली आणि बालाजी रायपूरकर हुतात्मा झाले. मग जमाव बेभान झाला आणि काही सरकारी अधिकारी मारले गेले. तीन दिवसांनी लष्कर गावात आलं. घराघरांत शिरून त्यांनी जे केलं, विशेषतः बायाबापड्यांवर जे अत्याचार केले, त्याच्या चौकशीसाठी प्राध्यापक भन्साळींनी ६३ दिवस उपोषण केलं. गावातल्या अनेकांना फाशीच्या शिक्षा झाल्या. देशभर आंदोलन होऊन त्या पुढे कमी करण्यात आल्या.

बंदुकीचा इतिहास सांगताना मी १९४२ का सांगतो आहे? कारण आमच्या गावातल्या जुन्या माणसांत या दिवसांबद्दल दोन मतं असत. काही म्हणत, तेव्हा घरोघरी बंदुका असत्या तर सोजिरांची उंबऱ्याच्या आत पाय टाकायची हिंमत झाली नसती. दुसरे म्हणत, बंदुका असत्या तर सोजिरांनी गावच जाळलं असतं आणि आज चिमूर नकाशावर दिसलं नसतं. लहानपणी ही दोन्ही मतं मी एकाच पारावर, एकाच संध्याकाळी ऐकली आहेत. शस्त्राबद्दलचा हा दुभंग चिमूरच्या रक्तात आहे, आणि मला वाटतं, साऱ्या देशाच्याही.

घटना समितीत तो दुभंग उघड झाला. डिसेंबर १९४८ मध्ये स्वातंत्र्याच्या हक्कांवर चर्चा चालली होती. मध्य प्रांत आणि वऱ्हाडातून, म्हणजे चिमूर तेव्हा ज्या प्रांतात होतं त्याच प्रांतातून, निवडून गेलेले हरी विष्णू कामत उभे राहिले आणि त्यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क घटनेत घालावा अशी दुरुस्ती सुचवली. कराचीच्या ठरावाचा आधार त्यांच्यामागे होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती नाकारली. कुणीही उठावं, बाजारात जावं आणि वाटेल ते हत्यार विकत घ्यावं असा हक्क प्रत्येकाला दिला, तर राज्यकारभार चालणार कसा, असा त्यांचा मुद्दा होता. दुरुस्ती पडली. अमेरिकेने १७९१ मध्ये जो हक्क आपल्या घटनेत लिहिला, तो आपण विचारपूर्वक लिहिला नाही. अमेरिकेतल्या शाळांमधल्या गोळीबाराच्या बातम्या वाचतो, तेव्हा बाबासाहेबांचं म्हणणं किती दूरदृष्टीचं होतं हे कळतं.

पण हक्क नाही याचा अर्थ संशय असा नसतो. स्वतंत्र भारताने १९५९ मध्ये नवा शस्त्र कायदा केला. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. या कायद्यात आमच्या भरमारीला सन्मानाने जागा मिळाली. पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी भारतीय नागरिकाने ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागितला, तर तो द्यावा, असं तेराव्या कलमात लिहिलं गेलं. नाकारायचा तर पुढच्या कलमात सांगितलेल्या कारणांनीच, आणि ती कारणं सर्वसाधारणपणे लिहून कळवून. नकारावर अपीलही करता येतं. भरमारीने भागत नसेल तर पिकासाठी दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देण्याची मुभाही त्यात आहे. इंग्रजांच्या काळी जी मेहेरबानी होती, तिला या कलमाने जवळजवळ हक्काच्या शेजारी नेऊन बसवलं. दिल्लीत बसून ज्यांनी हे कलम लिहिलं, त्यांना धानाच्या बांधीत मचाणावर बसलेला माणूस दिसला असला पाहिजे.

माझे एक मामू असे परवानाधारक होते. ताडोबाच्या बाजूच्या एका लहान गावात त्यांची चार-पाच एकर जमीन होती. परवान्याचं पुस्तक ते कापडात गुंडाळून कागदपत्रांच्या पेटीत ठेवत. मुदत संपायच्या आधी तालुक्याला, जिल्ह्याला खेटे घालून नूतनीकरण करून आणत आणि त्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडाली तरी कुरकुरत नसत. ते म्हणत, ‘‘बेटा, सरकारनं सही करून भरवसा ठेवला आहे आपल्यावर.’’ शिकारीचा त्यांना शौक नव्हता. मी एकदा विचारलं, मामू, आजवर किती डुकरं मारली? हसून म्हणाले, ‘‘बार हवेत काढायचा असतो. डुक्कर मारलं तर एक जातं, भेवाडलं तर कळप जातो.’’ धानाच्या राखणीचं सारं शास्त्र या एका वाक्यात आहे.

त्यांच्या हयातीतच त्या पुस्तकावर एकामागून एक नवे शिक्के बसायला लागले. पहिला शिक्का जंगलाच्या कायद्याचा. ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं होतं. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. या कायद्याची गरज कुणी नाकारू शकत नाही. राजेरजवाडे, साहेब आणि नंतर शिकार कंपन्या, साऱ्यांनी मिळून वाघ संपवत आणला होता. पण या कायद्याच्या चौतिसाव्या कलमाकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. अभयारण्याच्या आत किंवा दहा किलोमीटरच्या परिघात राहणाऱ्या प्रत्येक परवानाधारकाने वनखात्याकडे नाव नोंदवायचं. आणि त्या परिघात नवा परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकाची आधी संमती घ्यायची. हेच कलम राष्ट्रीय उद्यानांनाही लागू होतं.

आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. ताडोबा उद्यान; १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य; १९९५ पासून दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प, सुमारे ६२५ चौरस किलोमीटर; २०१० मध्ये त्याभोवती सुमारे ११०० चौरस किलोमीटरचा बफर; शेजारच्या नागभीड तालुक्यात २०१८ मध्ये घोडाझरी अभयारण्य. अभयारण्य आणि उद्यान यांच्या सीमेपासून दहा-दहा किलोमीटरची वर्तुळं काढा. चिमूर तालुक्यातली किती गावं त्या रेघांच्या आत येतात ते पाहा. म्हणजे जिथे डुकरं सर्वांत जास्त, तिथेच राखणीचा परवाना सर्वांत अवघड. १९५९ च्या कायद्याने जे दार उघडलं होतं, त्याच दारापुढे १९७२ च्या कायद्याने दुसरं दार बसवलं, आणि त्याची किल्ली वेगळ्या खात्याकडे दिली.

दुसरा शिक्का भीतीचा. १९८० पासून नक्षलवादी दलम गोदावरी-प्राणहिता ओलांडून आपल्याकडे आले. १९८२ मध्ये गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, तेव्हा तिथलं जंगल बदललेलं होतं. गावात कुणाकडे बंदूक आहे हे रात्री येणाऱ्यालाही ठाऊक असे आणि दिवसा येणाऱ्यालाही. रात्री येणारा ती मागे, दिवसा येणारा तिचा हिशेब मागे. बंदूक दिली तरी गुन्हेगार आणि नाही दिली तरी गुन्हेगार. अनेकांनी मग ती स्वतःहून ठाण्यात जमा केली. पोलिसांच्या पंचनाम्यांत आणि वर्तमानपत्रांच्या बातम्यांत ‘भरमार’ हा शब्द येऊ लागला तो शेतीचं अवजार म्हणून नव्हे, चकमकीनंतर जप्त झालेलं शस्त्र म्हणून. एका शब्दाचं चारित्र्य असं वीस-पंचवीस वर्षांत डागाळलं. ज्या भागात पिढ्यान्‌पिढ्या गावच्या लोहाराने नळ्या दुरुस्त केल्या, तिथे ती दुरुस्तीही परवान्याशिवाय गुन्हा आहे, हे लोकांना खटले उभे राहिल्यावर कळलं. अलीकडच्या वर्षांत गडचिरोलीच्या दुर्गम गावांतले लोक जुन्या भरमारी पोलिसांकडे जमा करताना दिसतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती याने साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. शांतता येते आहे, तिचं स्वागतच आहे. पण भरमारीला लागलेला डाग तिच्याबरोबर धुऊन जाईल का, हे सांगता येत नाही.

तिसरा शिक्का दिल्लीचा. १९८३ च्या दुरुस्तीने परवानाधारकाचं किमान वय १६ वरून २१ केलं, एका माणसाकडे जास्तीत जास्त तीन बंदुका अशी मर्यादा घातली आणि परवान्याआधी पोलीस ठाण्याचा अहवाल मागवणं सक्तीचं केलं. पुढे परवान्यांची राष्ट्रीय संगणक नोंद सुरू झाली आणि प्रत्येक परवान्याला ओळख क्रमांक घेणं आवश्यक झालं. त्याच्या मुदती अनेकदा वाढवाव्या लागल्या, यावरूनच कितीजण मागे राहिले असतील याची कल्पना येते. जुलै २०१६ मध्ये १९६२ चे नियम जाऊन नवे शस्त्र नियम आले. बंदूक हाताळण्याचं प्रशिक्षण, घरात ती सुरक्षित कुलूपबंद ठेवण्याची हमी, वारसाच्या नावाने परवाना करण्याची रीत, असं बरंच काही त्यात आलं. डिसेंबर २०१९ मध्ये पुन्हा दुरुस्ती झाली. तीन बंदुकांची मर्यादा दोनवर आली, जादा बंदूक वर्षभरात जमा करायची ठरली, परवान्याची मुदत तीन वर्षांची पाच वर्षं झाली. लग्नात-वरातीत हवेत गोळ्या झाडून लोकांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. विनापरवाना बंदुकीसाठी किमान दोन वर्षांची शिक्षा.

यातल्या बऱ्याच गोष्टी चांगल्याच आहेत. वरातीतल्या गोळीने ज्यांची लेकरं गेली, त्यांना विचारा. मुदत वाढल्याने एक खेप वाचली, हेही खरं. दोन बंदुकांच्या मर्यादेचा फटका बसला तो मुख्यतः जुन्या मालगुजारांच्या वाड्यांना. आजोबांची दुनळी, वडिलांची रायफल आणि भिंतीवरची पणजोबांची भरमार, यांतली कोणती ठेवायची, असा प्रश्न त्यांना पडला. वारशाने आलेली बंदूकही मोजणीतून सुटली नाही. एकच भरमार असलेल्या शेतकऱ्याला या मर्यादेने काही फरक पडला नाही. त्याला अडलं ते बाकीच्या गोष्टींनी. नळीवरचा क्रमांक झिजलेला, वडिलांच्या पुस्तकातलं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही, प्रशिक्षण कुठे मिळतं ठाऊक नाही, आणि ऑनलाइन अर्ज भरायचा तर सेतू केंद्राबाहेर रांग. बंदी कुणी घातली नाही. कागद वाढत गेले आणि माणूस आपोआप गळत गेला. मामू वारले तेव्हा त्यांच्या मुलाने परवाना नावावर करून घेण्याचा विचार केला, हिशेब मांडला आणि बंदूक जमा करून टाकली. आमच्या आसपासच्या कितीतरी घरांत असंच झालं.

निवडणुकीचीही एक गंमत सांगतो. आचारसंहिता लागली की परवानाधारकांच्या बंदुका ठाण्यात जमा होतात. सरसकट सगळ्यांच्या जमा करू नयेत, छाननी समितीने प्रत्येकाचा विचार करावा, असं मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये सांगितलेलं आहे. पण साधा शेतकरी न्यायालयाचा निकाल घेऊन ठाण्यात जात नाही. तो बंदूक घेऊन जातो आणि पावती घेऊन येतो. महाराष्ट्र विधानसभेचं मतदान २०१९ मध्ये २१ ऑक्टोबरला झालं, २०२४ मध्ये २० नोव्हेंबरला. हेच दिवस धान पोटरीत येण्याचे, पिकण्याचे आणि कापणीचे. डुकरांना आचारसंहिता लागू नसते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. बंदूक गेली, पण डुक्कर गेलं का? उलट वाढलं. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने पिकांचं नुकसान करणाऱ्या रोही आणि रानडुकरांना मारण्याच्या परवानगीबाबत निर्णय काढला. जून २०१६ मध्ये त्यावरून दोन केंद्रीय मंत्र्यांत जाहीर वाद झाला. मनेका गांधींनी चंद्रपुरात ५३ रानडुकरं मारल्याचा दाखला देऊन टीका केली. पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकरांनी राज्यांच्या मागणीवरूनच परवानगी दिल्याचं सांगितलं. दिल्लीतला तो वाद ऐकून आमच्याकडचा शेतकरी गप्पच राहिला. कारण वनखात्याने मारण्याची परवानगी दिली तरी मारायचं कशाने? त्यासाठी शस्त्र कायद्याचा परवाना हवा, आणि तो तर वर्तुळात अडकलेला. एका खात्याचा कागद हातात, दुसऱ्याचा नाही.

मग त्याने काय केलं? त्याने तार लावली. वावराभोवती उघडी तार आणि तिच्यात खांबावरून घेतलेला वीजप्रवाह. तारेला परवाना लागत नाही, कारण ती मुळात बेकायदाच आहे. एप्रिल २०१७ मध्ये नागभीड तालुक्यात ‘श्रीनिवास’ नावाचा वाघ अशाच तारेने मेला. उमरेड-कऱ्हांडल्याच्या प्रसिद्ध ‘जय’चा तो बछडा, म्हणून त्याची बातमी झाली. तारेला चिकटून मेलेल्या शेतकऱ्यांच्या आणि शेतमजुरांच्या बातम्या आतल्या पानावर चार ओळींत येतात. कधी तार लावणाराच पहाटे अंधारात आपल्याच तारेवर पडतो.

बंदूक आणि तार यांतला फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. बंदुकीमागे माणूस जागा असतो. समोर डुक्कर आहे की शेजाऱ्याचं पोर, हे पाहून तो चाप ओढतो, आणि बहुतेक वेळा हवेतच ओढतो. बंदुकीला क्रमांक असतो, मालकाचं नाव असतं, ठाण्यात नोंद असते. काही वावगं झालं तर कुणाला विचारायचं हे ठरलेलं असतं. तार मात्र कुणाला ओळखत नाही. तिला वाघ, डुक्कर, गाय, माणूस सारे सारखे. ज्या हत्याराचा हिशेब सरकारजवळ होता ते आपण अवघड करून ठेवलं, आणि ज्याचा हिशेब कुणाजवळच नाही ते सोपं होऊन बसलं. सगळा दोष एकट्या परवान्याच्या कायद्याचा आहे असं मी म्हणत नाही. जागल करणारी माणसं शहरात गेली, शेतं तुकड्यांत वाटली गेली, वीज गावोगाव पोचली, तीही कारणं आहेत. पण परवाना हे त्यातलं एक कारण नक्की आहे.

मला गावोगाव बंदुका वाटायच्या नाहीत, हे स्पष्ट सांगतो. दारूच्या नशेत, भावकीच्या भांडणात घरातली बंदूक काय करते, हे खेड्यात वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. वाघापासून बचावासाठी बंदूक हवी, असंही मी म्हणणार नाही. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. त्यांच्या हातात भरमार असती तर त्या वाचल्या असत्या, असं म्हणणं म्हणजे त्यांच्या मरणाची चेष्टा करणं आहे. तो प्रश्न वेगळा आणि फार मोठा आहे. मी बोलतो आहे ते डुकराबद्दल, धानाबद्दल आणि रात्रीच्या राखणीबद्दल.

यातून वाट निघू शकते. केरळने मे २०२२ मध्ये ग्रामपंचायतीच्या अध्यक्षाला उपद्रवी रानडुक्कर मारण्याची परवानगी देण्याचे अधिकार दिले, आणि मारायचं काम परवानाधारक निवडक नेमबाजांकडे सोपवलं. गावाच्या जवळ निर्णय, पण बंदूक मोजक्या आणि जबाबदार हातांत. आपल्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाच्या ग्रामसभेने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवले आणि जंगल सांभाळून दाखवलं. जी ग्रामसभा हजारो बांबूंचा हिशेब ठेवू शकते, ती दोन बंदुकांचा ठेवू शकणार नाही का? गावात राखणीसाठी कोण योग्य, कुणाच्या हातात बंदूक द्यावी आणि कुणाच्या देऊ नये, हे पोलीस ठाण्याच्या अहवालाइतकंच, किंबहुना थोडं जास्तच, ग्रामसभेला ठाऊक असतं. वनखातं, पोलीस आणि जिल्हाधिकारी यांच्या तीन टेबलांऐवजी एकाच टेबलावर, पेरणीच्या आधी, पिकाच्या राखणीचे अर्ज निकाली काढता येतील. पीक नुकसानीची भरपाई वेळेवर आणि पुरेशी मिळाली, सौर कुंपण परवडण्याजोगं झालं, तर कितीतरी जणांना बंदूक मागावीशीही वाटणार नाही. कायदा न बदलताही यातलं बरंच होऊ शकतं. १९५९ च्या कायद्यातलं ते कलम अजून जिवंत आहे.

१८७८ च्या कायद्यामागचा प्रश्न होता, रयत आपल्यावर उलटणार तर नाही? १९५९ च्या कायद्यामागचा प्रश्न होता, नागरिकाला कशाची गरज आहे? त्यानंतरच्या प्रत्येक दुरुस्तीत, प्रत्येक नियमात हे दोन्ही प्रश्न कमीअधिक प्रमाणात मिसळलेले दिसतात. दहशतवादी, गुंड, तस्कर यांच्यासाठी पहिला प्रश्न विचारावाच लागेल. पण चिमूरच्या वावरात थंडीत शेकोटी करून बसलेल्या माणसाकडेही सरकारने त्याच नजरेने पाहिलं, तर तो सरकारकडे यायचं सोडून देतो आणि अंधारात तार ओढतो. गेल्या दीडशे वर्षांचा हा इतिहास मला तरी एवढंच सांगतो. या खरिपात परवान्याचा एखादा अर्ज आपल्या टेबलावर आला, तर संबंधित साहेबांनी तो वाचताना तेरावं कलमही एकदा काढून वाचावं, इतकीच विनंती करून थांबतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)